कुलूप लावलेले घर आणि शिकाऊ डॉक्टर

यंदाच्या स्मरणिकेत आरोग्याविषयी काही लिहावे, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सुचविले. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत लेखनिक आहोत. पण आमच्या नात्यातील एक मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत आहे आणि ठराविक दिवसांनी ती चाळीसगाव तालुक्यातील एका गावी ‘आपली’ कुटुंबे पाहण्यास जाते. पास होण्याआधीच ही काय डॉक्टरकी, असे वस्तीतील लोक आम्हांस विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख.

विद्यार्थ्याला गावात नेण्याचा विचार जुना आहे. डॉक्टरने रोग्याबरोबर समाजही पाहावा म्हणून १९४६ च्या भोर समितीने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुचविले होते. पुढे श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर, १९७७ साली, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी अशी योजना निघाली. हेतू चांगला, पण तीन गट म्हणजे शेकडो गावे. त्यात एखाद्या विद्यार्थ्याने ‘हे माझे घर’ असे कोठे म्हणावे?

याचे उत्तर आपल्याच राज्यात, वर्धा जिल्ह्यात सापडते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथे प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी पंधरा दिवस गावात मुक्काम करतात, प्रत्येकाला काही घरे वाटून दिली जातात, आणि नंतर काही वर्षे दर महिन्याला त्याच घरी जावे लागते. याच संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांनी गावांतून आरोग्य विमा उभा केला, त्याचा हप्ता होता ज्वारीचा! सुगीत ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. हप्ते वसूल करण्यात आयुष्य गेलेल्या आम्हांस हे वाचून मौज वाटली. ज्याच्या घरी जे असते, तेच त्याच्याकडे मागितले होते.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक योजना सर्व महाविद्यालयांना लागू केली. आपल्याकडे धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय आहे, तर जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ चे. म्हणजे मुलांना जायला खानदेशची गावे आहेतच. विद्यार्थ्याने तीन ते पाच कुटुंबांशी शिक्षणाच्या काळात संबंध ठेवायचा, वजन, रक्तदाब, लसीकरण यांची नोंद ठेवायची, पाणी व शौचालय पाहायचे, आणि आजारी माणसाला शिक्षकांच्या सल्ल्याने योग्य ठिकाणी पाठवायचे. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला नसतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

यात महत्त्वाचे काय, तर पुन्हा जाणे. रक्तदाब एकदा मोजून निदान पक्के होत नाही. साध्या क्षयाचे औषधही सहा महिने चालते. मुलाचे वजन वाढते आहे की थांबले, हे एका आकड्यावरून कसे कळणार? साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या भागांत भिल्ल व पावरा समाजात सिकलसेल आढळतो. तेथे अशक्त दिसणाऱ्या प्रत्येकाला लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. मुंबई-कोल्हापूरच्या मुलाला अहिराणी कळायलाच दोन-तीन फेऱ्या जातात.

एकदाच येणाऱ्या माणसाला गाव बरोबर ओळखते. २०१४ साली जनधन खाती उघडण्यास आम्ही एका गावी गेलो होतो. एका आजींनी अंगठा दिला आणि विचारले, पुन्हा कधी येणार? येऊ, असे आम्ही म्हणालो. गेलो नाही. असो.

आमच्या त्या मुलीच्या वाट्याला आलेल्या एका घरातील बाईंचे हिमोग्लोबिन पहिल्या भेटीत ८ ग्रॅम भरले. बायकांचे ते निदान १२ असावे लागते. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळाल्या. दिवाळीनंतर मुलगी पुन्हा गेली तर घराला कुलूप! नोंदवहीत ‘कुटुंब उपलब्ध नाही’ असे लिहून ती परतणार होती. शेजारणीने सांगितले, ऊसतोडीला गुजरातेत गेलेत, आखाजीला येतील. खानदेशातून अशी कितीतरी बिऱ्हाडे दरवर्षी जातात. आपल्या वाचकांपैकी काहींच्या घरची माणसेही जात असतील.

आखाजी झाल्यावर ती पुन्हा गेली. गोळ्यांचे पाकीट जवळजवळ भरलेलेच होते. टोळी पहाटे अंधारात निघायची, उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळायचे, म्हणून बाईंनी त्या बंद केल्या होत्या. धाकट्या मुलाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोसही राहिला होता. तो परिचारिकाताईंनी त्याच आठवड्यात दिला. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तरी चालेल, हे मुलीने शिक्षकांना विचारून बाईंना सांगितले.

आता तिच्या नोंदवहीत त्या घराच्या पानावर, सर्वांत वर, दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत: टोळी निघण्याचा सुमार आणि मुकादमाचा फोन नंबर. छापील तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तिने समासात लिहिल्या.