बेल्ट ग्राइंडर घेण्याआधी

घाटकोपरच्या माझ्या गाळ्यात सुरी घडवायला शिकणारी मुलं येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कमी पैशांत कुठला बेल्ट ग्राइंडर घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘त्याचा पट्टा कुठे मिळतो, ते पाहिलंस का?’

हे यंत्र तसं साधं. मोटारीवर एक चाक, वर दुसरं चाक आणि दोघांवरून धावणारा, खरखरीत दाण्यांचा कापडी पट्टा. पट्ट्यामागे लोखंडाची सपाट पाटी असते. तिथे पोलाद टेकवलं की पातं धारेकडे निमुळतं होत जातं. सायकलवरच्या धारवाल्याचा दगड आपण पाहिलेला आहे. तो गोल असल्याने पात्याला पोकळ उतार देतो. पट्टा सपाट काम करतो आणि झिजला की चटकन बदलता येतो.

खर्चाची मेख इथेच आहे. यंत्र एकदाच घ्यायचं, पट्टे कायम लागतात. एका सुरीला आधी ६० नंबरचा, मग १२०, २४० आणि शेवटी ४०० नंबरचा. नंबर मोठा, तितका दाणा बारीक. स्वस्तातल्या छोट्या यंत्राचा पट्टा १ इंच रुंद, ३० इंच लांब असतो. धार लावायला तो ठीक. पातं घडवताना मात्र लवकर तापतो, लवकर झिजतो. परदेशी कारागिरांत २ इंच रुंद, ७२ इंच लांब पट्टा रूढ आहे, पण ते यंत्र महाग. म्हणून रुंदी २ इंच ठेवावी आणि लांबी ४८ इंचांवर आणावी. त्याआधी मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर एक फेरी मारावी. पट्टे मोठ्या गुंडाळीतून कापून सांधलेले असतात, त्यामुळे माप सांगून करूनही घेता येतात. ज्या मापाचा पट्टा सहज मिळेल, त्याच मापाचं यंत्र घ्यावं.

दुसरी गोष्ट वेगाची. साध्या मोटारी मिनिटाला सुमारे १४४० किंवा २८८० फेरे घेतात. १० सेंटिमीटर व्यासाचं चाक १४४०च्या मोटारीवर लावलं, तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटर धावतो, २८८०वर पंधरा. नवशिक्याने सावकाश यंत्र घ्यावं. पाणी दिलेल्या पात्याची धार निळी पडली, की तिथलं पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं असं समजा. त्याची कठीणता गेली. ती पॉलिशने परत येत नाही. शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि बोटांना चटका जाणवण्याआधीच पातं बुडवा.

मोटार घरघंटीला असते तशी, १ अश्वशक्तीची सिंगल फेज पुरते. अर्ध्या अश्वशक्तीची जोर दिला की अडखळते. मात्र मोटार पूर्ण बंद कवचाची हवी, नाहीतर लोखंडाचा कीस आत जाऊन ती जळते. दुकानातच यंत्र चालवून बघा. वरच्या चाकाचा स्क्रू फिरवल्यावर पट्टा मधोमध स्थिर राहिला पाहिजे. गिझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग हवं. बिल्डिंगमधल्या खोलीत हे यंत्र लावू नये. आवाज शेजाऱ्यांना जातो आणि बारीक धूळ घरच्यांच्या छातीत. मुठीच्या लाकडाचा भुसा झाडल्याशिवाय पोलाद घासू नका. ठिणगीने तो पेटतो.

चष्मा आणि धुळीचा मास्क यांचे पैसे यंत्राच्या आधी बाजूला काढा. रुमाल मास्कचं काम करत नाही. हातमोजे, ओढणी, सैल बाही नको. मोजा पट्ट्यात अडकला, तर बोटही ओढलं जातं.

पहिली सुरी स्वयंपाकघरासाठीच करा. घरकाम, शेती वा उद्योगासाठी नसलेलं, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रकायद्याच्या कक्षेत येतं.

एवढं करूनही पैसे अपुरे पडले, तर यंत्र थांबू द्या. चांगली कानस आणि व्हाइस यांवरही सुरी होते. वेळ लागतो, पण हाताला उताराचा कोन कळतो. तो कळला नसेल, तर महागडं यंत्र फक्त पोलाद लवकर वाया घालवतं.