अमेरिकेचा संघ आणि आपला संघ

बीड जिल्ह्यांतील युसूफ वडगांव हें माझें गांव. तेथें, आणि सगळ्या मराठवाड्यांत, १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्रामदिन म्हणून पाळला जातो. १९४८ सालीं याच दिवशीं निजामांनीं युद्धबंदी जाहीर केली. शाळेंत झेंडावंदन झालें कीं मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगत असें: १७८७ सालच्या याच तारखेस फिलाडेल्फिया शहरांत अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. तारखांचा मेळ निव्वळ योगायोगाचा. पण दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच होता. अखेरचा शब्द कोणाचा, राज्याचा कीं संघाचा?

अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं १७७६ सालीं इंग्लंडच्या राजाचें जूं झुगारून दिलें. त्यानंतर १७८१ पासून आपसांतील एका करारानें त्यांचा कारभार चालूं लागला. परंतु मध्यवर्ती काँग्रेसला त्यांनीं कर बसविण्याचा अधिकारच दिला नाहीं. तिनें राज्यांकडे पैसा मागावा आणि त्यांनीं दिला तर घ्यावा! स्वातंत्र्यासाठीं लढलेल्या शिपायांचे पगार थकले. करारांत दुरुस्ती करावी म्हटलें तर तेराही राज्यांची संमति लागे. गांवच्या विहिरींतला गाळ काढण्याची वेळ आली कीं ज्यानें त्यानें शेजाऱ्याकडे बोट दाखवावें, त्यांतलाच हा प्रकार.

अखेर १७८७ च्या उन्हाळ्यांत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालीं प्रतिनिधि जमले आणि बंद दारांआड चार महिने खल करीत बसले. मोठ्या राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणांत जागा हव्या होत्या, लहानांना बरोबरीच्या. तोड अशी निघाली कीं, एका सभागृहांत लोकसंख्येप्रमाणें जागा असाव्या आणि दुसऱ्यांत, म्हणजे सेनेटमध्यें, प्रत्येक राज्यास सारख्या दोन. आलेल्या ५५ जणांपैकीं ३९ जणांनीं सह्या केल्या. या घटनेचा आरंभ राज्यांच्या नांवानें नव्हे, लोकांच्या नांवानें होतो, ही मला तिच्यांतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

मात्र त्या लोकांत गुलाम धरले नव्हते. जागा ठरवितांना पांच गुलामांचीं तीन माणसें मोजावीं, असा हिशेब त्या सुज्ञ मंडळींनीं केला! शिवाय एखादें राज्य फुटून निघूं लागलें तर काय, याविषयीं घटना मुग्ध राहिली. या दोन गांठी १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत सुटल्या, आणि सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणांस मुकले. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या त्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें, हें आपणांस ठाऊक असेलच.

हा सारा इतिहास डॉ. आंबेडकर यांच्या डोळ्यांपुढें होता. १९१३ ते १९१६ या काळांत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा मांडतांना त्यांनीं अमेरिकेशीं तुलना केली. आपला संघ राज्यांच्या आपसांतील करारांतून झालेला नाहीं, म्हणून कोणत्याही राज्यास त्यांतून फुटण्याचा अधिकार नाहीं. अमेरिकनांना जें युद्ध करून ठरवावें लागलें तें आपण आधींच लिहून ठेवलेलें बरें, असा त्यांचा आशय होता. तेथें माणूस संघाचा आणि आपल्या राज्याचा असा दुहेरी नागरिक असतो. येथें नागरिकत्व एकच.

हैदराबादच्या शरणागतीला तेव्हां दोन महिनेही झाले नव्हते. इंग्रज गेल्यावर आपण सार्वभौम, असा निजामांचा दावा होता. माझे वडील सांगत कीं, त्या वर्षभरांत ‘आपण कोणत्या देशाचे?’ असें पोरानें विचारलें तर घरांतलीं वडील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहत.

नोव्हेंबर १९४९ मध्यें निजामांनीं भारताची घटना मान्य केली. पुढें १९५६ सालीं आमचा जिल्हा मुंबई राज्यांत गेला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. वडिलांचें राज्य असें दोनदां बदललें. नागरिकत्व मात्र त्यांना एकदांही बदलावें लागलें नाहीं.