कालबाह्य फाइलींचे निर्मूलन

पुणे आणि चाकण परिसरातील कारखान्यांतून निघालेला निर्यातीचा माल बोरघाट उतरून, खोपोली व खालापूरचा टोलनाका मागे टाकून न्हावा शेव्याच्या बंदराकडे जातो, आणि कंटेनरांची ही अखंड रहदारी खालापूर तालुक्यातील रहिवाशांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्या पाठीमागे संगणकांची केवढी यंत्रणा अहोरात्र राबत असते, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. २७ जून २०१७ रोजी मात्र रायगड जिल्ह्यावर तो विचार करण्याचा प्रसंग आला. मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा शेव्याच्या 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' या टर्मिनलाचे संगणक 'नॉटपेट्या' नामक विध्वंसक प्रोग्रॅमच्या तडाख्यात सापडले आणि तेथील कामकाज विस्कळीत झाले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुरू झालेल्या या उत्पातानंतर समूहाला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे त्याच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितले.

एका संगणकातून दुसऱ्यात शिरण्यासाठी या प्रोग्रॅमने ज्या वाटा धरल्या, त्यांपैकी एक वाट 'एसएमबी' या व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तीमधून जात होती. कार्यालयातील अनेक संगणकांना फाइली आणि प्रिंटर सामाईक वापरता यावेत म्हणून १९८० च्या दशकात रचलेली ही व्यवस्था, तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या येऊन कित्येक वर्षे लोटल्यानंतरही, जुन्या यंत्रांचे अडू नये एवढ्याचसाठी विंडोजमध्ये तशीच ठेवलेली होती. तिच्यातील भगदाड बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. परंतु ज्यांनी ते बसविले नव्हते त्यांच्यासाठी ही निरुपयोगी झालेली वस्तू चोरवाट ठरली. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या संगणकावर ही व्यवस्था आपोआप बसविली जाणे बंद झाले, आणि घरगुती संगणकावर ती असलीच तरी पंधरा दिवस तिचा वापर न झाल्यास ती स्वतःहून निघून जाईल, अशी तजवीज करण्यात आली. जुन्या फाइली केवळ जागा अडवितात, हा समज म्हणूनच मला फार अपुरा वाटतो. जागा आज स्वस्त आहे, धोका स्वस्त नाही.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. कर्जतच्या एखाद्या महा-ई-सेवा केंद्रात आपल्याला जो सातबारा छापून मिळतो, तो आपला दस्तऐवज होय; तो उघडणारी, पडद्यावर मराठी अक्षरे उमटविणारी आणि प्रिंटरकडे धाडणारी जी शेकडो फाइलींची यंत्रणा ग्राहकाच्या दृष्टीआड काम करते, ती सिस्टिम फाइलींची. दस्तऐवजाचा मालक आपण असल्याने तो ठेवावा की काढावा हे आपल्याला ठरविता येते. परंतु सिस्टिम फाइल दुसऱ्या कोणत्या फाइलीच्या उपयोगी पडत आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या महसुली दप्तराने हा प्रश्न संगणकापूर्वीच ओळखला होता. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातील कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले असतात. अ वर्गाचे कागद कायम जतन करावयाचे, ब वर्गाचे तीस वर्षे, आणि ड वर्गाचे वर्षभरानंतर नष्ट करावयाचे, आणि नष्ट करतानाही नोंदवहीत तसा दाखला घालावयाचा, अशी ही रीत आहे. कागद जुना दिसतो म्हणून तो फाडण्याची मुभा कोणत्याही कारकुनाला नाही. संगणकातील नाशनही अशाच यादीवर चालले पाहिजे, आणि ती यादी ज्याने फाइल बसविली त्याच्याकडेच असते.

अडचण अशी की ही यादी सर्व यंत्रांना एकच असू शकत नाही, कारण प्रोसेसरच्या घडणी निरनिराळ्या आहेत. १९८५ साली आलेला इंटेलचा ८०३८६ हा ३२ बिटांचा. त्याच्या घडणीला सुमारे ४ अब्ज २९ कोटी बाइट, म्हणजे ४ जीबी, एवढ्याच स्मृतीचा सरळ हिशेब ठेवता येई. ही मर्यादा ओलांडणारी ६४ बिटांची घडण एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणली, आणि आपल्या खिशातील मोबाइल याहून अगदी वेगळ्या, केंब्रिजमध्ये जन्मलेल्या 'आर्म' घडणीवर चालतो. एका घडणीसाठी तयार केलेली फाइल दुसऱ्या घडणीच्या प्रोग्रॅमला थेट वापरता येत नाही. म्हणून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये एकाच नावाच्या पुष्कळ फाइलींच्या दोन दोन प्रती असतात आणि दोन्ही आवश्यक असतात: मराठी टंकांचे एखादे जुने ३२ बिटांचे सॉफ्टवेअर चालवावयाचे तर ३२ बिटांची प्रत हवीच. यात भर अशी की 'सिस्टिम३२' या फोल्डरमध्ये ६४ बिटांच्या फाइली असतात आणि 'सिसवाउ६४' मध्ये ३२ बिटांच्या. जुन्या प्रोग्रॅमांत पहिले नाव कायमचे लिहिलेले असल्याने ते बदलता आले नाही. नावावरून 'हे जुने ३२ बिटांचे दिसते' असा निष्कर्ष काढून पहिले फोल्डर पुसणाऱ्याचा संगणक पुन्हा सुरू होणार नाही.

या विषयात मला सर्वाधिक आदर वाटतो तो 'फ्रीबीएसडी' या मुक्त प्रणालीच्या रीतीविषयी. कोणत्या आवृत्तीत कोणती फाइल कालबाह्य झाली याची वर्षानुवर्षांची यादी तिचे कर्ते ठेवीत आले आहेत; एखादी नोंद विशिष्ट घडणीपुरतीच असेल तर तसे तेथे नमूद असते. आणि नाशन दोन टप्प्यांत होते. प्रथम सामान्य फाइली काढल्या जातात. अन्य प्रोग्रॅम ज्यांच्या आधारावर उभे असतात त्या जुन्या लायब्ररी मात्र, ते प्रोग्रॅम नव्याने बांधून झाल्यावर, वेगळ्या आज्ञेने काढावयाच्या असतात. या दोन आज्ञांमधील अंतरातच सगळे शहाणपण साठलेले आहे. 'डेबियन' या दुसऱ्या मुक्त प्रणालीने २०१३ पासून निरनिराळ्या घडणींच्या लायब्ररींना निरनिराळी फोल्डरे नेमून दिली, म्हणून तेथे एकीची प्रत काढताना दुसरीला धक्का लागत नाही.

कधी कधी संपूर्ण घडणच निकालात निघते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ज्या ८०३८६ प्रोसेसरवर 'डेबियन'चा गाभा असलेल्या लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली, त्याचाच आधार २०१३ मध्ये लिनक्समधून काढण्यात आला, आणि २०१८ मध्ये तर कोणी वापरीत नसलेल्या आठ घडणी एकदम वगळून सुमारे पाच लाख ओळी कमी करण्यात आल्या.

घरच्या संगणकापुरते बोलावयाचे तर विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर उरणारे 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर साधारणतः दहा दिवसांनी प्रणाली स्वतःच काढते. 'विनएसएक्सएस' हे फोल्डर अवाढव्य दिसते, परंतु त्यातील पुष्कळ फाइली इतरत्र असलेल्या फाइलींच्याच दुहेरी नोंदी असल्याने तो आकार फसवा असतो, आणि त्याला हात न लावता 'डिस्क क्लीनअप'मधील अपडेटच्या सफाईचा पर्याय निवडावा.

कर्जत-खालापूरच्या एखाद्या शाळेत किंवा दुकानात जुना संगणक अद्याप चालू असेल, तर सेटिंग्जमधील 'अबाउट' या पानावर 'सिस्टिम टाइप'समोर काय लिहिले आहे ते प्रथम पाहावे. तेथे प्रोसेसरच ३२ बिटांचा असल्याचे आढळले, तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यानंतर त्याला पुढची वाट नाही, कारण विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच निघालेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली, मात्र ६४ बिटांच्या यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ३२ बिटांच्या लायब्ररी राखून ठेवल्या आहेत. उलट प्रोसेसर ६४ बिटांचा आणि त्यावर विंडोज तेवढी ३२ बिटांची, असेही पुष्कळदा आढळते. तेव्हा यंत्र मोडीत न काढता, आपले दस्तऐवज दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेऊन, ६४ बिटांची प्रणाली नव्याने बसवावी.