वासराचा दहावा दिवस

दिवाळीचा पहिला दिवा आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासरापुढे लागतो. शहरातल्या बिऱ्हाडात गोठा कुठला असायचा? पाटावरच्या पितळी किंवा मातीच्या जोडीला हळदकुंकू वाहायचे, त्या दिवशी दूधदुभते वर्ज्य करायचे, की झाले. पण खऱ्याखुऱ्या वासराचे पुढे काय होते? गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी नांदेड-लातूरकडे गेलो तो हेच पाहायला.

लोहा, कंधार, मुखेड करीत उदगीरकडे निघालो की लागतो तो जातिवंत जनावरांचा मुलूख. कंधारच्या आसपास तांबड्याबुंद अंगाची लाल कंधारी. देवणी-उदगीरकडे भव्य कपाळाची देवणी. या देवणीतही अंगावरच्या रंगावरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार जुने जाणकार चटकन ओळखतात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरे उभी राहिली की पाहणाऱ्याचे डोळे निवतात. पण यात्रेत दिसतात ती जगलेली जनावरे. जी लहानपणीच गेली, त्यांची मोजदाद यात्रेत होत नाही.

वाटेतल्या एका गावात एका मावशींच्या दारी टेकलो. शेत नाही, एक म्हैस एवढाच संसाराचा आधार. शेजारी महिनाभराचे रेडकू बांधलेले. पोट चांगले टम्म दिसत होते. मी कौतुकाने म्हणालो, "मावशी, रेडकू खाऊनपिऊन सुखी दिसतंय."

"कशाचं सुखी, दादा," त्या म्हणाल्या, "प्वाट तेवढं वाढतंय, अंग धरीना. दिसभर माती चाटतंय."

माझ्याबरोबर जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी रेडकाचे राठ, निस्तेज केस हाताने मागे सारले, मातकट रंगाची दुर्गंधी हगवण पाहिली आणि म्हणाले, "जंत." मावशींना नवल वाटले. "आजून गवताला त्वांड लावलं नाही. जंत आले कुटून?"

प्रश्न लाखमोलाचा होता, आणि त्याचे उत्तर कळायला शास्त्रज्ञांनाही फार काळ लागला. या जंताचे शास्त्रीय नाव टॉक्सोकारा विटुलोरम. गोत्से नावाच्या एका जर्मन धर्मोपदेशकाने १७८२ मध्ये त्याचे वर्णन केले. पूर्ण वाढलेला जंत वीतभर, क्वचित फूटभरही लांब. पण तो इवल्या वासराच्या पोटात शिरतो कसा, हे कोडे पुढे जवळजवळ दोनशे वर्षे पुरते सुटले नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात व्यालेल्या जनावराच्या दुधातच त्याच्या अळ्या सापडल्या, आणि चोराची वाट कळली. तो येतो आईच्या दुधातून!

चक्र असे चालते. रोगी वासराच्या शेणातून असंख्य अंडी गोठ्यात पडतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत त्यांत अळी तयार होते. गाय किंवा म्हैस चाऱ्यापाण्याबरोबर ती गिळते. मोठ्या जनावराला त्याचा त्रास सहसा होत नाही. अळ्या यकृतात, स्नायूंत, इतर अवयवांत गुपचूप पडून राहतात. गाभण जनावराचे दिवस भरत आले की त्या जाग्या होतात, कासेकडे वळतात आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुधाबरोबर पिल्लाच्या पोटात उतरतात. तिथे त्यांचे जंत होतात आणि पिल्लू सुमारे महिन्याचे होते न होते तोच पुन्हा अंडी शेणात! वासरू चार-पाच महिन्यांचे झाले की जंत आपोआप पडून जातात; पण तोवर वासरू टिकले पाहिजे. गाईच्या वासरांनाही हा रोग होतो, पण म्हशीच्या रेडकांवर त्याचा विशेष डोळा. आपल्याकडे म्हशी बहुधा पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी वितात. म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास गोठ्यात कोवळी रेडकेही असतात आणि ओलही.

ओल्या, कोंदट, गर्दीच्या गोठ्यात आणखीही शत्रू असतात. कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म जीव रक्ताची हगवण लावतात. ते दुधातून येत नाहीत, घाणीतून येतात. त्यांचे औषधही वेगळे. म्हणून अंदाजाने औषध देण्यापेक्षा शेण तपासणे बरे. युक्ती साधीच आहे: शेण मिठाच्या दाट पाण्यात कालवून गाळायचे, जंताची अंडी हलकी, ती वर तरंगतात. वरचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की चोर पकडला. उदगीर आणि परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालये या मुलखाला जवळचीच.

मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग दूधच पाजू नये का?"

छे! तसे केले तर वासरू जंताऐवजी दुसऱ्या रोगाने जाईल. गाई-म्हशीच्या वासराला गर्भात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती असतात चिकात, आणि वासराच्या आतड्याला ती शोषून घेता येतात फक्त पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या काही तासांत. 'वार पडल्याशिवाय चीक पाजू नये' ही जुनी समजूत म्हणूनच घातकी. वासराच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवशी त्याच्या पोटात गेला पाहिजे.

मग उपाय काय? उपाय दिवस मोजण्यात आहे. श्रीलंकेतील म्हशींवर झालेल्या अभ्यासातून दिसले, की रेडकू दहा ते सोळा दिवसांचे असताना पायरँटेलसारख्या औषधाची एकच मात्रा दिली, तर आत शिरलेले जंत अंडी घालण्याआधीच मरतात. रेडकू तर वाचतेच, शिवाय गोठ्यात नवी अंडी पडत नाहीत. घराघराने असे केले, तर पुढच्या वेतांचा धोकाही घटत जातो. पोट सुटल्यावर दिलेले औषध एका जिवाला सोडवते. दहाव्या दिवशी दिलेले साऱ्या गोठ्याला. मात्रा अर्थात डॉक्टरांनी वजन पाहूनच ठरवायची.

मावशींच्या रेडकाला त्याच दिवशी औषध मिळाले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न केवळ दयेचा नव्हता. रेडकू गेले की म्हैस पान्हा चोरते. मग कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभे करायची पाळी येते. वगार असेल तर तीन-चार वर्षांनी दारात उभी राहणारी दुभती म्हैसच गेली! आणि हल्या असला तर? त्याच्यासाठी औषध आणायला तर कुणी उठतही नाही. पण अंडी मात्र त्याच्याही शेणातून तितकीच पडतात. गोठा सुधारायचा तर त्यालाही औषध हवे.

शहरात आपल्याला यातले काय करता येईल? एवढे नक्की. गावाकडून कुणी खरवसाचा चीक घेऊन आले, तर आवडीने घ्यावा, पण विचारावे, "वासराचे पोट भरले ना?" आणि गोठा असलेल्या आप्तांना दिवाळीच्या पत्रात, नाहीतर फोनवर, एक ओळ जास्त सांगावी: वासरू जन्मले की भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढा. दहा रेघा झाल्या, की डॉक्टरांना बोलवा.