राजमा मऊ झाला म्हणजे शिजला का?

लॅबमधल्या एका सेंड-ऑफसाठी मी राजम्याचं डिप करायचं कबूल केलं होतं. आदल्या रात्री भिजवलेला राजमा उसन्या स्लो कुकरमध्ये अगदी मंद आचेवर लावला आणि झोपले. सकाळी दाणा चमच्याने बऱ्यापैकी चुरडला गेला. म्हटलं, झालं काम! मिक्सर लावणार तेवढ्यात सीनियर ताईने विचारलं, "अगं, पण याला उकळी आली होती का?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रथिन असतं. कच्चे चार-पाच दाणेसुद्धा १ ते ३ तासांत उलट्या-जुलाब सुरू करू शकतात. रक्तपेशींच्या गुठळ्या करण्याच्या ताकदीवरून ते मोजतात. अमेरिकेच्या एफडीएनुसार कच्च्या लाल राजम्यात २०,००० ते ७०,००० एकक, तर पूर्ण शिजलेल्यात २०० ते ४००. आणि गंमत अशी, की साधारण ८० अंशांवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रासदायक ठरू शकतो.

म्हणजे मी मोजत होते मऊपणा, आणि निष्कर्ष काढत होते सुरक्षिततेचा! दाणा मऊ होतो तो पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल झाल्यामुळे. लेक्टिन निकामी व्हायला मात्र पुरेसं तापमान लागतं. दोन वेगळ्या प्रक्रिया. एरवी प्रेशर कुकरमध्ये (सुमारे १२० अंश) दोन्ही एकदमच होतात, म्हणून फरक कधी जाणवत नाही.

मग तो राजमा पातेल्यात काढून, ताजं पाणी घालून ३० मिनिटं खळखळून उकळला. डिप वाचलं!

आता कृती. १ वाटी राजमा ८ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या. ताज्या पाण्यात कुकरला ४-५ शिट्ट्या, मग मंद आचेवर १५ मिनिटं. शिजवलेलं थोडं पाणी बाजूला ठेवा. राजमा, २ लसूण पाकळ्या, भाजलेलं जिरं, मीठ, २ चमचे तेल आणि थोडा चक्का मिक्सरमधून काढा. घट्ट वाटलं तर ते पाणी घाला. लिंबू शेवटीच पिळा. आंबटपणामुळे पेक्टिन लवकर सुटत नाही, आधी घातलं तर दाणे कडकच राहतात. खाकरा किंवा काकडीच्या कापांबरोबर द्या. २ तासांहून जास्त बाहेर ठेवू नका.

संशोधनाची तयारी करताय ना? मग प्रत्येक प्रयोगाआधी वहीत दोन ओळी लिहा: मला काय जाणून घ्यायचंय, आणि मी प्रत्यक्षात काय मोजतोय किंवा मोजतेय. दोन्ही ओळी वेगळ्या निघाल्या, तर त्यांना जोडणारा पुरावा आधी शोधा. आणि कुणी "उकळी आली होती का?" असं विचारलं, तर राग मानू नका.