एका झाडाची जात

2025 च्या उन्हाळ्यात नांदेडला मियाझाकी आंब्याचा बराच गाजावाजा झाला. भोकर तालुक्यात पिकलेला हा लालभडक आंबा प्रदर्शनात मांडला होता आणि एका नगाचा भाव दहा हजार रुपये सांगितला जात होता. परसात चार झाडं लावायची असली तरी लोक आता रोपवाटिकेत हेच नाव घेतात. जपानातला हा आंबा जातीनं अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा ‘आयर्विन’. जपानात तो हरितगृहात वाढवतात, पिकलेलं फळ जाळीत अलगद सुटू देतात, आणि किमान 350 ग्रॅम वजन व 15 टक्के गोडी भरली तरच त्याला मानाचा शिक्का मिळतो. पैसा मोजला जातो तो या निगराणीचा. आपल्या वैशाखात उघड्यावर तापलेल्या फळाला तो भाव कोण देणार, आणि किती दिवस?

नांदेड जिल्ह्यातल्याच देगलूरच्या शिवारात पूर्वी नवलाची फळं नव्हती असं नाही. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा, त्यामुळे कलमी आंब्याची वाट हैदराबादेकडून यायची. बेनिशान, हिमायत ही नावं त्या वाटेवरची. पण ती बागवाल्यांची मिरास. शेतकऱ्याच्या बांधावर, विहिरीवर, ओढ्याकाठी उभी होती ती कोयीची झाडं. त्यांना नावं घरच्यांनीच दिलेली. शेंदरी सालीचा तो शेंद्र्या, शेपूचा वास येणारा शेप्या, खोबऱ्याच्या चवीचा खोबऱ्या, लांबोडका केळ्या, इवलीशी गोटी आणि कधीच गोड न होणारा आमट्या. आमट्याला कुणी नावं ठेवत नसत, वर्षाचं लोणचं त्याच्यावरच असायचं. पाड लागला की उतरणी, मग गवतात आढी, आणि घमेलंभर आंबे पिळून केलेला रस. एका झाडाचा रस पातळ, दुसऱ्याचा दाट, म्हणून दोन झाडांचे आंबे एकत्र पिळायची रीत होती. हे ज्ञान घरच्या बायकांकडे होतं आणि ते कुठल्याही पुस्तकात नाही.

या झाडांची गोम अशी की त्यांची कोय लावून तोच आंबा मिळत नाही. परागकण दुसऱ्या झाडाचा असतो, त्यामुळे शेप्याच्या कोयीतून शेप्या येईलच असं नाही. बहुधा येतच नाही. म्हणजे प्रत्येक झाड ही एक स्वतंत्र जात, आणि झाड पडलं की जात संपली. वाटण्या झाल्या, बांध अरुंद झाले, सावलीत सोयाबीन येईना, वीटभट्टीला लाकूड हवं होतं, रस्ते रुंद झाले. दरवेळी कारण वाजवीच होतं.

मग 1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पडीक रानात सरकारी खर्चानं झाडं उभी राहिली. महाराष्ट्राच्या शेतीतला हा मोठा निर्णय होता, हे मान्यच करायला हवं. पण खड्डे भरले ते ठरावीक जातींनी. आंबा म्हटलं की केशर. जुनागढच्या नवाबानं 1934 मध्ये नाव दिलेला हा आंबा मराठवाड्यात असा रुजला की 2016 मध्ये ‘मराठवाडा केशर’ला भौगोलिक मानांकन मिळालं. केशर चांगलाच आहे. माझी तक्रार एवढीच, की त्याच्या शेजारी दुसरं काही लावावं असं कुणाला सुचलं नाही.

सुचलं असतं तर फार लांब जावं लागलं नसतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘निरंजन’ हा बिगरहंगामी आंबा निवडला. हैदराबादच्याच रस्त्यावर संगारेड्डीच्या फळ संशोधन केंद्रात आंब्याच्या शेकडो जाती राखल्या आहेत. तिथं रुमानी आणि नीलमच्या संकरातून ‘मंजिरा’ तयार झाला. झाड ठेंगणं, फळ दरवर्षी, धागा जवळपास नाही. घरच्या बागेला याहून काय हवं? नाव मात्र आपल्या लेंडी नदीला पोटात घेणाऱ्या मांजरा नदीचं, आणि तरी इकडं ते फारसं कानावर येत नाही. आंबाच हवा असंही नाही. देगलूर-बिलोलीकडच्या तांबूस मुरमाड माळावर सीताफळ आपसूक येतं. खिरणीचं तर नशीबच अजब. चिकूची कलमं तिच्या मुळावर बांधतात, म्हणजे घरोघरी चिकूखाली खिरणीच आहे, पण तिचं पिवळं गोड फळ मुलांनी पाहिलेलं नाही.

चिंचेनं मात्र वाट दाखवली आहे. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावात जे होतं तेच गावानं ओळखीला आणलं.

आंब्यासाठीही फार खटाटोप नको. मे महिन्यात फळ चाखून झाडावर चुन्याची खूण करा, नाव आणि चव वहीत लिहून ठेवा. गावरान कोयी खड्ड्यातच लावा. रोप पेन्सिलीएवढं झालं की जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत खुणेच्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी आणून मृदकाष्ठ कलम बांधा. काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटा, म्हणजे डोळा फुगतो. कलम बांधणारा माणूस जवळच्या रोपवाटिकेत मिळतो. शेप्या किंवा खोबऱ्या अजून कुणाच्या बांधावर उभा असेल, तर रोप तयार होईल त्या पावसाळ्यात त्याची काडी मागून आणा.