मेंटलची राख

नवं मेंटल पहिल्यांदा पेटवण्याचं काम पोरांकडे कधीच नसे. मऊ पांढरी पिशवी गॅसबत्तीच्या तोटीला बांधायची, काडी लावायची. ती आधी काळी पडे, आक्रसे, थोडा धूर सोडे आणि शेवटी पांढराशुभ्र नाजूक घुमट उरे. मग पंप मारला की सुंऽऽ आवाज आणि डोळे दिपवणारा उजेड. वरातीत, जत्रेत, तमाशाच्या फडात रात्र उजळायची ती याच घुमटानं. पण त्याला बोट लागलं की भुगा!

कापड जळालं, तरी आकार उरला कसा? कारण ते कापड कारखान्यात थोरियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेलं असे. काडी लागली की धागे जळत, नायट्रेट फुटून त्यातले वायू निघून जात आणि धाग्यांच्या जागी थोरियम ऑक्साइडचा सांगाडा उभा राहत असे. ही युक्ती ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची. त्यांनी १८८५ मध्ये काढलेलं पहिलं मेंटल हिरवट उजेडाचं, फारसं न खपलेलं. १८९१ मध्ये त्यांना प्रमाण गवसलं: ९९ भाग थोरियम ऑक्साइड, १ भाग सिरियम ऑक्साइड. थोरियम ताप सोसतो, चिमूटभर सिरियम प्रकाश देतो. प्रभाकर कंदिलाच्या पिवळ्या ज्योतीत तापून उजळते ती नुसती काजळी. त्या मानानं ही फारच हिकमती व्यवस्था.

थोरियमच्या अणूत ९० इलेक्ट्रॉन असतात, त्यातले सर्वांत बाहेरचे चार सैल. ऑक्सिजनला दोन हवे असतात. म्हणून एका थोरियममागे दोन ऑक्सिजन. पाठ्यपुस्तकातलं हे देणं-घेणं जरा ढोबळ आहे, प्रत्यक्षात थोडी भागीदारीही असते. पण आपलं काम भागतं. इलेक्ट्रॉन गमावलेला थोरियम धनभारित, ते मिळवलेला ऑक्सिजन ऋणभारित. अशा कोट्यवधी आयनांची जाळी बनते. त्यात प्रत्येक थोरियमभोवती आठ ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार थोरियम. ओढ इतकी घट्ट की हा पदार्थ वितळायला सुमारे ३,३०० अंश सेल्सियस लागतात. मग तो बोटानं मोडतो कसा? एक तर घुमटाच्या भिंती धाग्याएवढ्याच बारीक. त्यात धक्क्यानं जाळीचा एक थर किंचित सरकला, तर धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं. ओढीची जागा ढकलणं घेतं आणि चीर पडते. धातू वाकून वेळ मारून नेतो, या जाळीला ती सोय नाही.

इथवरचा सगळा व्यवहार इलेक्ट्रॉनांचा. आग, धूर, बंध, भुगा यांतलं काहीही अणुकेंद्रापर्यंत पोचत नाही. तिथे ९० प्रोटॉन आणि १४२ न्यूट्रॉन आपल्याच तालात असतात. थोरियम किरणोत्सारी आहे हे १८९८ मध्ये गेरहार्ट श्मिट आणि मारी क्युरी यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. तोवर मेंटलं घरोघर लागली होती! एक ग्रॅम थोरियमात अणू असतात २६ वर वीस शून्यं इतके. त्यांतले सेकंदाला जेमतेम चार हजार फुटतात. कोणता फुटणार, हे सांगता येत नाही. निम्मे संपायला मात्र सुमारे १,४०५ कोटी वर्षं लागतात, विश्वाच्या आजच्या वयापेक्षाही जास्त.

अर्धायुष्याची ही कल्पना थोरियमनंच दिली. १९०० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रदरफोर्ड यांना थोरियमच्या संयुगांतून एक वायू निघताना आढळला. त्याचा किरणोत्सार दर मिनिटाला जवळपास निम्मा होई. फ्रेडरिक सॉडी सोबत आले आणि पुढच्या दोन वर्षांत दोघांनी सिद्ध केलं की एक मूलद्रव्य आपोआप दुसरं होतं. थोरियमची ही वाट सहा अल्फा आणि चार बीटा कण टाकत शिशापाशी थांबते. किमयागारांना शिशाचं सोनं हवं होतं. निसर्ग उलट शिशावरच येऊन थांबलेला.

हे थोरियम येई मोनाझाइट वाळूतून. १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं आणि आपल्या दक्षिण किनाऱ्याला भाव आला. स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये, तुर्भ्याला थोरियमचा कारखाना निघाला. अणुशक्तीची स्वप्नं मोठी होती, पण तिथल्या थोरियम नायट्रेटचं रोजचं गिऱ्हाईक होतं गॅसबत्तीचं मेंटल.

मेंटलमुळे बत्तीवाल्याला अपाय होई का? काचेआडच्या मेंटलपासून फारसा नाही. अल्फा कण कागदानंही अडतो. पण पहिल्यांदा पेटवतानाचा धूर आणि मोडलेल्या मेंटलची भुकटी नाकात जाऊ नये, कारण अल्फा फुप्फुसात पोचला की मध्ये कागद नसतो. पोरांना लांब ठेवणाऱ्यांना मेंटल मोडण्याचीच भीती असावी. आता बऱ्याच मेंटलांत थोरियमऐवजी यिट्रियम असतं.

जुनं, न पेटवलेलं थोरियमचं पाकीट माळ्यावर सापडलंच, तर गायगर यंत्रासमोर धरण्यासारखं आहे. थोरियमच्या शिशाकडच्या वाटेवर रेडियम आणि थोरियम-२२८ हेही लागतात. शुद्धीकरणात थोरियमपासून रेडियम वेगळं होतं, पण थोरियम-२२८ वेगळं करता येत नाही, कारण तेही रसायनानं थोरियमच. ते सुमारे दोन वर्षांत निम्मं होतं आणि पाकिटाची टिकटिक चार-पाच वर्षं मंदावत जाते. तोवर आत नवं रेडियम साठू लागलेलं असतं. मग टिकटिक पुन्हा वाढू लागते, आणि पुढची कित्येक वर्षं वाढतच राहते.